विसर्जन मिरवणुकीला अण्णांना नेताना

अनंत चतुर्दशीच्या सकाळी करी रोडला उतरणाऱ्या गर्दीत बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याहून आलेली पिकल्या केसांची माणसं बरीच दिसतात. गिरण्या गेल्या, चाळीतली खोली विकली गेली किंवा भावाच्या वाट्याला गेली, तरी बाप्पाला निरोप द्यायला ही माणसं लालबागलाच येतात. माझे वडील, अण्णा, त्यांतलेच. १९८२च्या संपात त्यांची गिरणी सुटली, पुढे बिऱ्हाडही डोंबिवलीला गेलं. ऐंशी पार केल्यावर त्यांचं एकच मागणं उरलं होतं: श्रॉफ बिल्डिंगजवळ मिरवणुकीतल्या गणपतींवर होणारी पुष्पवृष्टी पुन्हा एकदा बघायची.

अशा मागणीला नाही म्हणू नये, या मताची मी आहे. "टीव्हीवर बघा, तिथं सगळं छान दिसतं" असं म्हणून आपण म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावकीतून उठवतो. न्यायचंच. पण तयारी मात्र वेगळी लागते, आणि ती नेमकी कुठून सुरू करायची हे आम्हाला अण्णांनीच शिकवलं.

आम्ही त्यांना नेलं. जागा उत्तम होती. मावसभावाची चाळीतली खोली, पहिला मजला, गॅलरी थेट रस्त्यावर. खुर्ची, टोपी, औषधांचा डबा, ग्लुकोजची पुडी, सगळं सोबत होतं. सकाळी गणेश गल्लीचा गणपती गेला तेव्हा अण्णा खुर्चीतून उठून हात जोडत होते. त्यानंतर ते गप्प गप्प झाले. ढोल-ताशात बोलणं ऐकू येत नाही म्हणून गप्प असतील, असं सगळ्यांना वाटलं. मी खांद्यावर हात ठेवला तर सदरा गार घामानं भिजलेला. ओठ कोरडे पडलेले, जीभ टाळूला चिकटत होती. पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली घरून भरून आणली तशीच, झाकणसुद्धा न उघडलेली.

"अण्णा, पाणी का नाही प्यायलात?"

ते हळूच म्हणाले, "अगं, प्यायलो की जावं लागतं. तिथं मला बसता येत नाही."

चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक, उकिडवं बसायचे. फरशी ओली. त्या दिवशी प्रत्येक खोलीत दहा-पंधरा पाहुणे, म्हणजे बाहेर रांग. अण्णांचे गुडघे वाकत नाहीत आणि सुनेसमोर, जावयासमोर हे बोलायची त्यांना लाज. म्हणून त्यांनी आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडलं होतं. सकाळची लघवीची गोळीही घेतली नव्हती, बीपीची मात्र घेतली होती.

खाली न्यायचं तर रस्ता दोरखंडांनी बंद, फोनला रेंज नाही, टॅक्सी मैलभर लांब. शेजारच्या मुलांनी अण्णांना खुर्चीसकट उचललं, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दोर वर धरून वाट दिली आणि मागच्या गल्लीतून आम्ही परळच्या एका हॉस्पिटलात पोहोचलो. सलाईन लागलं, संध्याकाळी सोडलं. पुष्पवृष्टी हुकली. परतताना अण्णा सारखे माझीच माफी मागत होते, ते अजून आठवलं की गलबलतं.

म्हणून वृद्ध माणसाला मिरवणुकीला नेताना आधी संडास बघा. गॅलरीतून काय दिसतं ते नंतर. वाढत्या वयात तहान तशीही कमी जाणवते, भाद्रपदातली मुंबईची दमट हवा घाम काढते, आणि त्यात माणूस मुद्दाम पाणी टाळत असेल तर काही तासांतच चक्कर येऊ शकते. जिथं बसायचं त्या इमारतीत कमोडची सोय आहे का, हे आठवडाभर आधी स्वतः जाऊन पाहावं. नसेल तर सर्जिकल वस्तूंच्या दुकानात कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. पुरुषांसाठी युरिन पॉट कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये असतो. चाळीच्या खोलीत मोरी असतेच, तिला जाड पडदा लावला की आडोसा होतो. आणि ही व्यवस्था त्यांना घरीच, एकांतात सांगावी. वडिलांना मुलानं, आईला मुलीनं सांगितलं तर संकोच कमी होतो. लघवीची गोळी त्या दिवशी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं, आपल्या मनानं चुकवू नये.

दुसरी गोष्ट बाहेर पडायच्या वाटेची. मिरवणुकीच्या रस्त्यावर न उघडणारा मागचा जिना किंवा गल्ली आहे का, आणि ती गल्ली जिथं संपते तिथं गाडी येऊ शकते का, हे चालून पाहावं. रेल्वेवरचे जुने पूल परतीच्या वाटेत धरू नयेत. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा इथल्या पुलांबाबत महापालिका आणि पोलीस दर गणेशोत्सवात सूचना काढतात: पुलावर एका वेळी शंभराहून जास्त माणसं नकोत, थांबू नका, नाचू नका. काठी टेकत चालणाऱ्या माणसाला त्या रेट्यात थांबायची मुभा नसेल, तर तो पूल त्याच्यासाठी नाहीच. १०८ला फोन लागला तरी रुग्णवाहिका दारापर्यंत येईल हे धरून चालू नये, म्हणून जवळच्या मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्याला सकाळीच भेटून ठेवावं. लालबागची पोरं अशा वेळी जिवाला जीव देतात.

जुन्या चाळींच्या लाकडी गॅलऱ्यांची मला फार धास्ती वाटते. लालबागचा राजा आला की आतले सगळे कठड्याकडे धावतात. म्हाताऱ्या माणसाची खुर्ची गॅलरीत न ठेवता खोलीच्या उंबऱ्याच्या आत, खिडकीशी ठेवावी. थोडं कमी दिसेल, चालेल.

वेळ सकाळचीच निवडावी. लालबागचा राजा सकाळी निघतो आणि भायखळा, नागपाडा, ऑपेरा हाऊस करत गिरगाव चौपाटीला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. २०२५ साली तर ६ सप्टेंबरला निघालेल्या राजाचं विसर्जन भरतीमुळे रखडलं आणि ते दुसऱ्या दिवशी रात्री झालं. शेवट बघायचा हट्ट करणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सांगून समजवावं. चौपाटीच्या वाळूत एवढा वेळ तरण्या माणसालाही जड जातो. ज्यांना गणपतीची गर्दी झेपणारच नाही, त्यांच्यासाठी गिरगावची गुढीपाडव्याची शोभायात्रा चांगली. फडके गणपती मंदिरापासून ती सकाळीच निघते. चैत्रातलं ऊन मात्र सांभाळायचं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर गुलालापासून डोळ्यांना जपावं, चष्मा लावावा. कानाचं मशीन ढोल जवळ येण्याआधी काढून ठेवावं. पायात मागून पट्टा असलेल्या चपला हव्यात. गुलाल आणि पाणी मिसळलेल्या रस्त्यावर साध्या स्लिपर टिकत नाहीत. नाव, आजार, गोळ्या आणि घरातल्या दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात असावी, कारण मोबाईल त्या दिवशी भरवशाचा नसतो.

आणि सोबत एक माणूस असा हवा, ज्यानं राजाकडे नाही, आपल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघायचं. पुढच्या वर्षी अण्णांना पुन्हा नेलं तेव्हा हे काम माझ्या भाच्यानं मागून घेतलं. तो अण्णांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि थोड्या थोड्या वेळानं पाण्याचा पेला त्यांच्या हातात देत राहिला. मोरीला पडदा होता, आजोबा-नातवाचं आपसात ठरलेलं होतं, कुणाला काही विचारावं लागलं नाही. दुपारी फुलं उधळली तेव्हा अण्णा रडले आणि भाचाही. त्या रात्री आम्ही मावसभावाकडेच मुक्काम केला, पिठलं-भात जेवलो आणि दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर, बसायला जागा मिळेल अशी गाडी बघून डोंबिवलीला निघालो.