वाचकाच्या दारीं ग्रंथालय

ग्रंथालय म्हटलें कीं भिंती, कपाटें व पुस्तकें मागावयास येणारे वाचक असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु वाचकाला तेथवर येतांच येत नसेल तर? अमेरिकेंतील मेरिलँड संस्थानांतल्या वॉशिंग्टन परगण्यानें हा प्रश्न कसा सोडविला, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

या परगण्याचें मुख्य ठिकाण हॅगर्सटाउन. तेथें १९०१ सालीं सर्वांस विनामूल्य असें सार्वजनिक ग्रंथालय उघडलें व मेरी टिटकोंब या बाई ग्रंथपाल झाल्या. परगण्यांतील अर्ध्याहून अधिक लोक शहराबाहेर राहत. दिवसभर शेतांत राबणाऱ्या मनुष्यानें एका पुस्तकासाठीं गाडी जुंपून शहरांत यावें, ही अपेक्षा व्यर्थ होय, हें बाईंनीं ओळखिलें. म्हणून सुमारें तीस-तीस पुस्तकांच्या पेट्या भरून त्यांनीं गांवोगांवचीं दुकानें, टपालकचेऱ्या अशा ठिकाणीं ठेवविल्या. थोड्याच वर्षांत अशीं ठाणीं साठांहून अधिक झालीं.

तथापि एकट्यादुकट्या वस्तीवरच्या शेतकऱ्यास दुकानहि दूरच असे. तेव्हां १९०५ सालीं ग्रंथालयानें घोड्यांची एक गाडी खास बांधवून घेतली. तिच्या बाजूंस बाहेरून फळ्या असून त्यांवर सुमारें २०० पुस्तकें मावत. आंत पेट्यांना जागा असे. ग्रंथालयाची झाडलोट पाहणारे जोशुआ थॉमस हेच ती हांकीत. अमेरिकेंतील पहिलें फिरतें ग्रंथालय म्हणून ही गाडी आज ओळखली जाते. आरंभीं तिचा रंग काळा होता. त्यामुळें ती प्रेत नेणारी गाडी समजून एका घरच्या माणसानें तिला दारावरूनच पुढें जाण्यास सांगितलें! मग चाकांस व दारांस तांबडा रंग दिल्यावर असा गैरसमज होईनासा झाला.

१९१० सालीं रूळ ओलांडतांना मालगाडीची धडक बसून या गाडीचा चुराडा झाला आणि घरोघरच्या फेऱ्या बंद पडल्या. परंतु ज्यांना पुस्तकांची गोडी लागली होती, त्यांना तसें सोडून देणें ग्रंथालयास रुचलें नाहीं. १९१२ सालीं मोटार आली व फेऱ्या पुन्हां सुरू झाल्या.

आपल्याकडेहि असा प्रयत्न झाला आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानांत ग्रंथालयांची व्यवस्था लावविली. तेथेंहि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरत असत.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. जो वाचावयास येत नाहीं त्याला वाचनाची आवड नाहीं, असें आपण चटकन् ठरवितों. पुष्कळदां त्याच्या मार्गांत केवळ अंतर असतें. तें अंतर कोसांचें असेल, पैशाचें असेल, किंवा अक्षरओळख नसल्याचेंहि असेल. शाळेंतून घरीं नेलेलें पुस्तक आजीस किंवा धाकट्या भावंडांस रोज पानभर वाचून दाखविणें आमच्या विद्यार्थ्यांस कठीण नाहीं, आणि पालकांनींहि सायंकाळीं तेवढा वेळ राखून ठेवावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.