दुकानात इंटरनेटच्या दोन लाइनी : राउटरचे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

आज गिऱ्हाईक मोबाइलने पैसे देते, जीएसटीचा हिशेब संगणकावर होतो आणि ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागते. लाइन बंद पडली की गल्ला थांबतो, भरलेला ट्रक उभा राहतो. म्हणून पुष्कळ व्यापारी दोन कंपन्यांच्या लाइनी घेतात. पण दोन्ही नीट चालविण्याचे काम राउटरमधील सॉफ्टवेअरचे आहे.

रत्नागिरीहून कोल्हापूरला माल आंबा घाटाने जातो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक थांबली. अशा वेळी दुसरी वाट धरावी लागते. राउटरचेही तसेच आहे. त्याचे तीन प्रकार समजून घ्यावेत.

१) पर्यायी लाइन : मुख्य लाइन चालू असेपर्यंत सर्व काम तिच्यावर, ती तुटताच दुसरीवर. बहुतेक दुकानांना एवढे पुरते.

२) भारवाटप : दोन्ही लाइनी एकाच वेळी चालतात. एक १०० आणि दुसरी २५ एमबीपीएसची असेल तर काम ४ ास १ या प्रमाणात वाटावे. मात्र एक फाइल साधारणपणे एकाच लाइनीने उतरते. तिला १२५ चा वेग मिळत नाही. तसेच बँकेचे काम चालू असता मधेच लाइन बदलली तर पुन्हा लॉग-इन करावे लागू शकते. म्हणून सुरू झालेले काम त्याच लाइनीवर ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये पाहावी.

३) डायनॅमिक राउटिंग : येथे राउटर एकमेकांना रस्त्यांची खबर देतात आणि वाट आपोआप बदलतात. दुकान रत्नागिरीत, गोदाम मिरजोळे एमआयडीसीत, शाखा चिपळूणला आणि तिन्ही एकमेकांना जोडलेली असतील तर ओएसपीएफ उपयोगी पडते. बीजीपी हे मुख्यतः इंटरनेट कंपन्या व मोठ्या संस्थांचे काम आहे. लहान दुकानाने त्याच्या मागे लागू नये.

आता निवड. लहान राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालते; त्यात एमवॅन३ हे पॅकेज घातले की पहिली दोन्ही कामे होतात. मात्र आपले राउटरचे मॉडेल त्याच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. जुना पण चांगला संगणक असेल आणि त्याला पुरेसे नेटवर्क कार्ड असतील तर ओपीएनसेन्स घालता येते. हे २०१५ मध्ये पीएफसेन्समधून वेगळे झाले. डायनॅमिक राउटिंगसाठी त्यात एफआरआर जोडता येते. ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत, पण देखभाल विनामूल्य नसते. गावात ज्याची माहिती असलेला कारागीर मिळेल, तेच घ्यावे.

तीन गोष्टी विसरू नयेत. मोडेमचा दिवा हिरवा असूनही पुढे तार तुटलेली असू शकते. म्हणून राउटरने दूरचा पत्ता तपासावा. दोन्ही लाइनी एकाच खांबावरून आल्या तर दोघी एकदम जातील. एक तारेची आणि एक सिमकार्डाची ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगडकडे विजेचे खांब पडले होते. राउटर आणि मोडेम इन्व्हर्टरवर हवेत.

पैसे देण्यापूर्वी कारागिरासमोर मुख्य लाइनीची तार काढावी आणि एक रुपया मोबाइलने पाठवून पाहावा. तो गेला तरच काम पसंत समजावे.