वेल्डिंगची काच आणि डोळ्यांची आग

दिवसभर वेल्डिंग केलेला कारागीर मध्यरात्री डोळे धरून दवाखान्यात येतो. डोळ्यांत वाळू टोचते, पाणी थांबत नाही, उजेड सोसत नाही. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजलेला असतो. त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून काम करताना काहीच जाणवत नाही.

साध्या काळ्या काचेतून सांधा दिसत नाही. कारागीर ती वर करून रॉड टेकवतो आणि तिथेच घात होतो. आपोआप काळी होणाऱ्या काचेत लिक्विड क्रिस्टलचा थर असतो, डिजिटल घड्याळाच्या आकड्यांत असतो तसाच. ठिणगी पडताच सेन्सरच्या इशाऱ्यावर त्या थराला वीज मिळते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत काच काळी होते. अतिनील किरण मात्र पुढचा वेगळा थर कायमच अडवतो. त्यामुळे सेल संपला तर डोळे दिपतील, पण ते किरण आत येणार नाहीत. हे प्रमाणित काचेचे झाले. बिनशिक्क्याच्या स्वस्त काचेची हमी मी देणार नाही.

शेजारी पत्रा धरून बसलेल्या पोऱ्याला मात्र कोणी काच देत नाही!

डोळे चोळू नयेत. दूध, बटाट्याचा रस घालू नये. डोळे बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हा पुन्हा घातल्यास जखम भरत नाही, नजरही जाऊ शकते. एरवी एक-दोन दिवसांत आराम पडतो. न पडल्यास, किंवा एकाच डोळ्यात टोचत असल्यास, लोखंडाचा कण रुतला नाही ना, हे नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.