घटक ४ : परकीय फौज, मुक्त बाजार आणि करदात्याची संमती

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• स्वातंत्र्यवादी विचारात लष्कर आणि बाजार हे दोन विषय एकत्र का येतात, हे सांगता येईल.
• कोल्हापूर संस्थानातील इंग्रजी फौजेच्या वास्तव्याचा आर्थिक अर्थ स्पष्ट करता येईल.
• राधानगरीचे धरण व उसाचा दर या उदाहरणांच्या आधारे या विचाराची कसोटी घेता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, परराष्ट्रातील लष्करी तळ हा युद्धशास्त्राचा विषय आणि मुक्त बाजार हा अर्थशास्त्राचा विषय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. स्वातंत्र्यवादी विचारवंत मात्र या दोन्ही विषयांना एकच प्रश्न विचारतात : खर्च कोणाच्या खिशातून होतो आणि त्याला त्याची संमती आहे काय? प्रस्तुत घटकात हाच प्रश्न आपण राधानगरी व कोल्हापूर परिसराच्या इतिहासाला विचारणार आहोत. त्यासाठी दूरच्या देशात जाण्याची आवश्यकता नाही. भुदरगडाचा बुरूज आणि भोगावतीचे पाणी ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ स्वातंत्र्यवादाची मूळ भूमिका

व्यक्ती ही आपल्या देहाची, श्रमाची आणि श्रमफळाची धनी आहे, हे स्वातंत्र्यवादाचे पहिले गृहीतक होय. जीवित, मालमत्ता व करार यांचे रक्षण एवढेच शासनाचे कार्य असावे, असे या विचाराचा कडवा पक्ष मानतो. रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ साली अशा ‘किमान राज्या’ची तात्त्विक मांडणी केली.

या परंपरेचे पूर्वसूरी अ‍ॅडम स्मिथ यांची भूमिका तुलनेने व्यापक होती. १७७६ च्या ग्रंथात त्यांनी शासनाची तीन कर्तव्ये सांगितली : संरक्षण, न्यायदान आणि ज्यांतून खाजगी व्यक्तीला नफा मिळणार नाही अशी सार्वजनिक बांधकामे. याच ग्रंथात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीवर आणि वसाहती राखण्याच्या खर्चावर कठोर टीका केली, हे लक्षात घ्यावे. धान्यावरील जकातीविरुद्ध लढणारे रिचर्ड कॉब्डेन यांनीही १८५३ मध्ये ब्रह्मदेशावरील इंग्रजी स्वारीचा निषेध केला. खुला व्यापार हवा आणि परक्या भूमीवर फौज नको, या दोन मागण्या त्यांच्या लेखी एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

फ्रेंच लेखक फ्रेदेरिक बास्तिया यांनी १८५० साली ‘जे दिसते’ आणि ‘जे दिसत नाही’ असा भेद केला. छावणी पडली की आसपास दाणावैरण विकली जाते, बाजार भरतो, हे दिसते. तोच पैसा रयतेच्या घरी राहिला असता तर बैलजोडी घेतली गेली असती, विहीर खोदली गेली असती. हे दिसत नाही. लष्करी खर्चाचा हिशोब करताना न दिसणारी बाजूही मांडली पाहिजे, असा या विवेचनाचा मथितार्थ आहे.

४.३.२ कोल्हापूर संस्थान आणि इंग्रजी फौज

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने सहा हजारांची इंग्रजी पायदळ फौज स्वीकारली व तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. ‘तैनाती फौज’ या नावाने परिचित असलेली ही पद्धत होय. संरक्षण घेणाऱ्यानेच रक्षकाला पोसावे आणि पुढे त्याच्याच आज्ञेत राहावे, असे तिचे स्वरूप होते.

कोल्हापूरचा मार्ग थोडा वेगळा होता. १८१२ च्या तहाने संस्थानाने मालवणचे बंदर व तेथील किल्ले कंपनीला दिले. मोबदल्यात कंपनीने बाह्य शत्रूंपासून रक्षणाची हमी घेतली. पुढे १८२७ ते १८२९ या काळातील तहांन्वये संस्थानाचे सैन्य ४०० स्वार व ८०० पायदळ इतके मर्यादित झाले, चिकोडी व मनोळी हे प्रांत गेले आणि कोल्हापूर व पन्हाळा येथे इंग्रजी शिबंदी आली.

१८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला. गडाची राखण करणाऱ्या या वंशपरंपरागत शिबंदीकडे चाकरीबद्दल जमिनी होत्या. इंग्रजांच्या पसंतीच्या कारभाऱ्याने या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात आणण्याचे ठरविताच सामानगडावर बंड झाले आणि ते भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत पसरले. इंग्रजी फौजेने ते मोडून काढले व त्या मोहिमेचा खर्च संस्थानावर लादण्यात आला.

या घटनांचे स्वातंत्र्यवादी वाचन असे करता येईल : मानेवर तलवार असताना झालेली सही ही संमती नव्हे; गडकऱ्यांच्या जमिनी काढणे हा मालमत्तेच्या हक्कावरील आघात होता; आणि ज्याला दडपले त्याच्याच मुलखातून दडपणाचा खर्च वसूल झाला.

तथापि, दुसरी बाजूही विचारात घ्यावी. १८१२ पूर्वी कोल्हापूरच्या किनाऱ्यावरून व्यापारी जहाजे लुटली जात होती आणि पटवर्धनांशी वारंवार लढाया होत होत्या. या लढाया थांबल्याचा लाभ शेतकरी व व्यापारी यांना मिळाला, हे नाकारता येत नाही. मग प्रश्न उरतो तो असा : ही शांतता कमी किमतीत मिळाली नसती काय? आणि ती किंमत ठरविण्याचा अधिकार रयतेला होता काय?

४.३.३ गोखले यांचा युक्तिवाद

कागल व कोल्हापूर येथे शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ साली लंडन येथे वेल्बी आयोगासमोर साक्ष दिली. हिंदुस्थानच्या महसुलातील फार मोठा वाटा सैन्यावर जातो आणि साम्राज्याच्या हितासाठी सरहद्दीबाहेर केलेल्या मोहिमांचा भारही येथील करदात्यावर पडतो, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळातील अर्थसंकल्पीय भाषणांत त्यांनी हाच मुद्दा पुढे नेला. मात्र गोखले हे किमान राज्याचे पुरस्कर्ते नव्हते. सैन्यावरील पैसा वाचवून तो प्राथमिक शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची मागणी होती. त्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे यांनी तर १८९२ च्या डेक्कन कॉलेजमधील व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सरसकट लागू होत नाहीत, असे प्रतिपादन केले होते. परकीय फौजेच्या खर्चाला विरोध करणारा प्रत्येक जण मुक्त बाजाराचा कैवारी असतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
• ‘जे दिसते’ आणि ‘जे दिसत नाही’ हा भेद १८४४ च्या मोहिमेच्या खर्चाला लावून दाखवा.

४.३.४ राधानगरीचे धरण : सिद्धान्ताची कसोटी

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. गुळाच्या व्यापाराला तिने आधार दिला. व्यापाऱ्याला जागा आणि सुरक्षितता द्यावी, भाव त्यांनी ठरवावा, या धोरणाला स्वातंत्र्यवाद्याची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु त्याच महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर धरण हाती घेतले आणि कन्या राधाबाई यांच्या नावाने राधानगरी वसविली. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले तेव्हा धरण अपुरे होते. ते पुरे होण्यास पुढे बरीच वर्षे लागली.

एवढा दीर्घकाळ पैसा अडकवून ठेवणारा खाजगी सावकार त्या काळी कोल्हापुरात मिळाला असता काय? स्मिथ यांच्या तिसऱ्या कर्तव्यात हे धरण बसते; नॉझिक यांच्या किमान राज्यात ते बसत नाही. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. फौजेसाठी दिलेला पैसा आणि धरणासाठी दिलेला पैसा, दोन्हीही रयतेच्या मतदानाशिवायच घेतले गेले. तरीही एकाचा लाभ देणाऱ्याच्या शेतात उतरला, दुसऱ्याचा उतरला नाही. केवळ संमती हीच कसोटी मानली तर हा फरक पुसला जातो. केवळ लाभ हीच कसोटी मानली तर ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून कोणीही कर लादू शकतो. दोन्ही कसोट्या एकत्र वापरणे म्हणूनच आवश्यक ठरते.

४.३.५ उसाचा दर आणि शरद जोशी

महाराष्ट्रात मुक्त बाजाराची भाषा शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचे श्रेय शरद जोशी (१९३५–२०१५) यांना जाते. १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना स्थापन केली व १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष. शासन शेतकऱ्याला अनुदान देते असे म्हटले जाते. परंतु निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा व लेव्ही यांमुळे शेतमालाचा भाव पाडला जात असल्याने प्रत्यक्षात ते ‘उणे अनुदान’ ठरते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

हा सिद्धान्त आपल्या बांधावर आणून पाहा. दोन साखर कारखान्यांमध्ये किमान हवाई अंतर असावे, अशी अट आहे. केंद्राच्या आदेशात ते १५ किलोमीटर असून महाराष्ट्रात २५ किलोमीटर करण्यात आले. ही अट उठल्यास कारखान्यांत स्पर्धा वाढून ऊस उत्पादकाला अधिक भाव मिळेल, असे मुक्त बाजाराचे समर्थक म्हणतात. मात्र त्याच तर्काने २००९ पासून लागू असलेला ‘रास्त व किफायतशीर दर’ ही किमान हमीदेखील जावी लागेल. अंतराची अट जावी, पण दराची हमी राहावी, असे आपल्याला वाटत असेल, तर त्यामागील तत्त्व कोणते, हे स्पष्ट करता आले पाहिजे. सोयीपुरता मुक्त बाजार हा सिद्धान्त होऊ शकत नाही.

४.३.६ वर्तमान संदर्भ

अमेरिकेत रॉन पॉल यांनी परदेशांतील लष्करी तळ बंद करून सैन्य मायदेशी आणावे, अशी मागणी सातत्याने केली. सागरी मार्ग सुरक्षित नसतील तर खुला व्यापारच थांबेल, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. यजमान देशाच्या संमतीचाही प्रश्न आहे : १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने नवा करार नाकारला आणि १९९२ मध्ये अमेरिकेने सुबिक बेचा नाविक तळ सोडला. आपल्या देशालाही ही कसोटी लावावी. भारताची शांतिसेना १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत होती व तीत अकराशेहून अधिक भारतीय जवान कामी आले. ज्या जिल्ह्यातील अनेक घरांतून सैन्यात भरती होते, तेथील विद्यार्थ्याने हा हिशोब केवळ रुपयांत मांडू नये.

४.४ सारांश

स्वातंत्र्यवाद परकीय फौज व नियंत्रित बाजार या दोहोंना करदात्याच्या संमतीच्या मुद्द्यावर आव्हान देतो. कोल्हापूरचा १८१२ ते १८४४ हा कालखंड या टीकेला बळ देतो. राधानगरीचे धरण तिची मर्यादा दाखविते. गोखले, रानडे व शरद जोशी यांनी या विचारातील वेगवेगळे धागे स्वीकारले आणि नाकारले. त्यांच्याप्रमाणेच आपणही कोणता धागा घेतो आणि का, हे सांगता येणे म्हणजे हा घटक समजणे होय.

४.५ सरावासाठी प्रश्न

१. कोल्हापूर संस्थानातील इंग्रजी फौजेच्या वास्तव्याचे स्वातंत्र्यवादी दृष्टीने परीक्षण करा.
२. ‘राधानगरीचे धरण हे किमान राज्याच्या सिद्धान्ताला दिलेले उत्तर आहे.’ साधकबाधक चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील तीन ऊस उत्पादकांशी बोलून अंतराची अट व दराची हमी यांविषयीची त्यांची मते नोंदवा आणि त्यांच्या उत्तरांत संमती व लाभ यांपैकी कोणती कसोटी दिसते, ते लिहा.