पोटदुखी आणि विजेचे यंत्र



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका आजींनी पिशवीतून एक लहानसे यंत्र काढून मला दाखविले. "फादर, मुलाने पाठवलंय. वर्षभर पोट दुखतंय, याने जाईल का?"

या यंत्रास 'टेन्स' म्हणतात. ते लहानशा बॅटरीवर चालते. वायरींच्या टोकांस चिकट पट्ट्या असतात, त्या कातडीवर लावावयाच्या. सुई नाही, चिरफाड नाही. मुंग्या आल्यासारखे वाटते, एवढेच. यामागील तत्त्व मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या मज्जारज्जूत जणू एक फाटक लागते. कोपर आपटले की आपण चोळतो ना? त्या स्पर्शाने हे फाटक थोडे लोटले जाते. यंत्र हेच काम विजेच्या सौम्य प्रवाहाने करते. (मोटारपंपाच्या तारेशी याचा काही संबंध नाही, कोणी तसला प्रयोग करू नये!)

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या लोखंडाने डागतात, त्यास 'डंबा' म्हणतात. झाबुआकडेही आजारी बाळांना डागण्याची चाल आहे. त्याने रोग जात नाही. जखम चिघळते व इस्पितळ गाठावयास उशीर होतो. यंत्र डागत नाही हे खरे, परंतु उशीर त्यानेही होऊ शकतो. अपेंडिक्स, पित्ताचे खडे, अल्सर, आतड्याचा क्षय यांपैकी एकही त्याने बरा होत नाही. दुखणे मात्र झाकले जाते.

पाळीच्या दुखण्यात टेन्सने बऱ्याच स्त्रियांना आराम पडतो. इतर जुनाट पोटदुखीत पुरावा तोकडा आहे. अमेरिकेत २०१९ साली आतड्याच्या तक्रारीने पोट दुखणाऱ्या ११ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी कानामागे लावावयाच्या एका यंत्रास परवानगी मिळाली; पण त्यास बारीक सुया असतात व ते डॉक्टरच लावतात.

हृदयात पेसमेकर असल्यास टेन्स लावू नये. गरोदर स्त्रियांनी व फेफरे येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गळ्यावर किंवा जखमेवर पट्टी नको.

मी आजींना विचारले, "वजन घटलंय का?" म्हणाल्या, "पोलकी सैल झालीत खरी." वजन घटणे, ताप, सारखी उलटी, काळे शौच, यांपैकी काहीही असल्यास आधी तपासणी. सोमवारी त्या सुनेबरोबर एम. वाय. इस्पितळात सोनोग्राफीसाठी गेल्या. यंत्र तूर्त माझ्या कपाटात आहे.