रेघ आणि शून्य

पावसाळ्यात पर्जन्याच्या नोंदवहीत एखाद्या तारखेपुढे शून्य असते आणि एखाद्या तारखेपुढे नुसती रेघ. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे पाऊस मोजलाच गेला नाही. रेघेला शून्य समजून महिन्याची सरासरी काढणाऱ्या कारकुनाला मामलेदारसाहेब काय म्हणतील हे सांगावयास नको. संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र हीच गोष्ट बिनदिक्कत चालते, म्हणून हा लेखनप्रपंच.

लिनक्स प्रणालीत प्रोग्रॅमचा वेळ कोठे जातो हे पाहण्यासाठी 'पर्फ' नावाचे साधन आहे. २००९ साली कर्नलच्या २.६.३१ या आवृत्तीबरोबर ते आले. प्रोसेसरच्या पोटातच काही मोजणीयंत्रे बसविलेली असतात. घड्याळाचे ठोके किती पडले, आज्ञा किती पार पडल्या, हवी ती माहिती कॅशमध्ये किती वेळा सापडली नाही, हे ती मोजतात आणि पर्फ ते आकडे वाचून दाखवितो. याखेरीज पेज फॉल्ट, कॉन्टेक्स्ट स्विच यांसारख्या काही गोष्टी कर्नल स्वतःच मोजतो. त्यांना हार्डवेअरच्या मोजणीयंत्राची गरज नसते.

हा भेद ध्यानात घेऊन एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर 'पर्फ स्टॅट' चालवून पाहा. पेज फॉल्टपुढे आकडा येईल. पण सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँचेस यांच्यापुढे पुष्कळदा 'नॉट सपोर्टेड' असे उत्तर मिळेल. पर्फ बिघडलेला नाही. यजमान संगणकाने आपली मोजणीयंत्रे पाहुण्या मशीनच्या हाती दिलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. कर्नलचे संदेश 'डीमेसेज'ने वाचले, तर तेथे फक्त सॉफ्टवेअर इव्हेंट उपलब्ध असल्याची कबुलीही बहुधा सापडते. केव्हीएमसारख्या व्यवस्थेत यजमानाकडून ही सोय सुरू करून घेता येते. ते शक्य नसेल तर खऱ्या यंत्रावर जावे.

खरा धोका पुढेच आहे. समजा, मॅट्रिक्सच्या गुणाकाराचे दोन प्रोग्रॅम आहेत, एक ओळीने चालणारा व दुसरा स्तंभाने. दोहोंचे कॅश-मिस मोजून विद्यार्थी ते आकडे 'ऑक'च्या एका ओळीने बेरजेस लावतो. 'नॉट सपोर्टेड' ही अक्षरे ऑकच्या लेखी शून्य! दोन्हीकडे शून्य आले, सबब दोन्ही प्रोग्रॅम सारखेच उत्तम, असा निष्कर्ष प्रबंधात जाऊन बसतो. कोठेही चुकीचा संदेश नाही, कोठेही लाल अक्षर नाही. ज्याच्या हातून असे घडते त्याला दोष तरी काय द्यावा? म्हणून आकडे वाचणाऱ्या प्रोग्रॅमने आधी ते आकडेच आहेत की नाहीत हे तपासावे, आणि नसतील तर तेथे रेघ मारून ठेवावी.

स्वतः साधन लिहिणाऱ्याने थोडे अधिक खोल जावे. कर्नलला 'पर्फ इव्हेंट ओपन' ही हाक घातली आणि उणे एक परत आले, की एररनोचे मूल्य पाहावे. सगळे नकार सारखे नसतात. 'ईएनओईएनटी' म्हणजे तो सर्वसाधारण इव्हेंट या यंत्रावर नाही. 'ईओपीनॉटसप' म्हणजे मागितलेल्या सोयीला हार्डवेअरचा आधार नाही. उदाहरणार्थ, मोजणी होते पण नमुने घेण्यासाठी लागणारा इंटरप्ट मिळत नाही, किंवा नमुन्याची जेवढी अचूकता मागितली तेवढी देणे प्रोसेसरला जमत नाही. अशा वेळी अचूकतेची अट सैल करावी किंवा नुसत्या मोजणीवर समाधान मानावे. 'ईएसीसीईएस' हा मात्र परवानगीचा प्रश्न आहे. तेथे 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' हे मूल्य पाहावे. उगाच प्रोसेसरला नावे ठेवू नयेत.

सायकल्स मिळत नसतील, तर 'पर्फ रेकॉर्ड' आपण होऊन 'सीपीयू-क्लॉक'कडे वळतो. सोय चांगली, पण ही मोजणी टायमरच्या इंटरप्टवर चालते. कर्नलने इंटरप्ट बंद ठेवलेल्या भागात खर्च झालेला वेळ, ते पुन्हा सुरू होतात त्या जागेच्या माथी मारला जातो. मग लॉक सोडणारे एखादे निरुपद्रवी फंक्शन सर्वांत खर्चिक दिसू लागते! आपल्या साधनातही असा पर्याय जरूर ठेवावा, पण तो वापरल्याचे अहवालात ठळक लिहावे.

'नॉट काउंटेड' हे वेगळेच प्रकरण आहे. तेथे इव्हेंट उपलब्ध असतो, पण मोजणीयंत्रावर त्याची पाळीच आलेली नसते. यंत्रे थोडी असतात. त्यांतले एक कर्नलचा एनएमआय वॉचडॉग अडवून बसलेला असू शकतो. इव्हेंट जास्त झाले की पर्फ त्यांना आळीपाळीने मोजतो आणि पूर्ण आकडा अंदाजाने काढतो. उजवीकडची टक्केवारी प्रत्यक्ष मोजणी किती वेळ चालली ते सांगते. दोन जातींचे कोअर असलेल्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम एकाच जातीच्या कोअरवर धावला, तर दुसऱ्या जातीच्या इव्हेंटपुढे हेच शब्द येतात. तेथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते.