खिंड ओलांडण्याचा दिवस

सह्याद्रीचे घाट चढून उतरून ज्यांचे पाय तयार झाले आहेत, त्यांस डोंगरांतील वाटचाल म्हणजे काय हें नव्यानें सांगावयास नको. परंतु महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर आहे; आणि आज आम्ही ज्या वाटेचा पाठ आपणांपुढें ठेवीत आहों, तिच्यावरील शेवटच्या चढणीच्या पायथ्याशीं जो पडाव आहे, तोच याच्या अडीचपटींहून अधिक उंचीवर आहे. तेथें पायांच्या बळाबरोबर दुसऱ्याही कांहीं गोष्टींची परीक्षा होते. त्या कोणत्या, हें समजून घेणें हा ह्या पाठाचा हेतु.

ही वाट नेपाळ देशांत आहे. अन्नपूर्णा नांवाच्या पर्वतसमूहास ती वळसा घालते. मर्स्यांगदी नदीच्या खोऱ्यांतून चढत ती मनांग गांवीं (सुमारे ३,५०० मीटर) येते. तेथून थोरोंग फेदी (सुमारे ४,४५० मीटर) ह्या पडावावर, आणि मग ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला ह्या खिंडींतून पलीकडे मुक्तिनाथास (सुमारे ३,८०० मीटर) उतरते. ‘फेदी’ म्हणजे नेपाळी भाषेंत डोंगराचा पायथा, व ‘ला’ म्हणजे तिबेटी भाषेंत खिंड. १९७७ सालीं ही वाट बाहेरच्या प्रवाशांस खुली झाली. आतां मोटारीचे रस्ते दोन्ही बाजूंनीं बरेच वर गेले आहेत. पण खिंडीवरून मोटार जात नाहीं. फेदीपासून मुक्तिनाथापर्यंतचा तो एक दिवस आजही पायवाटेनेंच काढावा लागतो.

१. त्या दिवसाची तयारी आधींच्या दिवसांत

समुद्रकांठीं हवेचा जो दाब असतो, त्याच्या निम्म्याहून किंचित् अधिक दाब थोरोंग ला येथें असतो. हवेंत प्राणवायूचा वांटा तेथेंही सुमारे एकपंचमांशच असतो. परंतु हवाच विरळ असल्यामुळें एका श्वासांत तो जवळजवळ निम्माच मिळतो. ही उणीव भरून काढण्यास शरीर शिकतें, पण त्यास वेळ लागतो. प्रथम श्वास खोल व जलद होतो. मग कांहीं दिवसांत रक्ताचा समतोल बदलत्या श्वासास जुळवून घेतो. आणि पुढें कांहीं आठवड्यांनीं रक्तांतील तांबड्या पेशी वाढतात. ह्या कामाची घाई कोणासही करितां येत नाहीं.

म्हणून जाणत्यांनीं नियम घालून दिला आहे कीं, ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याचें ठिकाण एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक उंच नेऊं नये, आणि दर तीनचार दिवसांनीं एक दिवस थांबावें. दिवसा वर चढून रात्रीं खालीं निजावयास येणें हें तर हितकरच आहे. ह्याच कारणास्तव शहाणे प्रवासी मनांगास निदान दोन रात्री काढतात. १९७३ सालीं स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ह्या संस्थेचे डॉक्टर हंगामांत तेथें राहतात, व उंचीवरील आजाराविषयीं वाटसरूंस समजावून सांगतात.

कोणी म्हणेल, “आम्ही तरुण आहों, बळकट आहों, आम्हांस हा नियम कशाला?” ह्याचें उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धाच्या वेळीं आपले सैनिक सपाट प्रदेशांतून थोड्याच अवधींत उंच सीमेवर नेण्यांत आले, आणि त्यांतील पुष्कळ जण गोळी लागल्यावांचूनच आजारी पडले. इंदर सिंग व त्यांचे सहकारी ह्या वैद्यांनीं उंचीच्या आजाराच्या अशा १,९२५ सैनिकांचा वृत्तान्त १९६९ सालीं प्रसिद्ध केला. ते सर्व निवडलेले धडधाकट पुरुष होते. बळकट माणूस झपाझप चढतो, इतकेंच. आणि झपाझप चढणें हेंच तर आजाराचें मूळ आहे. मोटारीचा रस्ता मनांगापर्यंत गेल्यापासून हा धोका वाढला आहे. कारण जें अंतर पूर्वी आठवडाभर चालून काटावें लागे, तें आतां थोड्या वेळांत बसल्या जागीं काटतां येतें. रस्त्यानें वेळ वांचतो खरा, पण त्याच वेळांत शरीर आपलें काम करीत असे.

२. पहांटेचें प्रस्थान

फेदीहून खिंडीपर्यंतचा चढ सुमारे १,००० मीटर, व पलीकडचा उतार सुमारे १,६०० मीटर आहे. ह्या सर्वांस सात ते दहा तास लागतात. वाटसरू पहांटे चारपांच वाजतां कपाळावर दिवा बांधून निघतात. उशीर करून चालत नाहीं, कारण दिवस वर आला म्हणजे खिंडींत जोराचा वारा सुटतो, आणि त्याच्या आधीं पलीकडे उतरूं लागावें हें बरें. पहांटेस थंडी कडक असते. दर १,००० मीटर चढाबरोबर हवेची उष्णता साधारणपणें साडेसहा अंशांनीं उतरते, असा हिशेब आहे. पाण्याच्या बाटलीचें तोंड गोठूं नये म्हणून ती पिशवींत उलटी ठेवितात. बर्फ वरच्या बाजूस आधीं धरतें, त्यामुळें तोंड मोकळें राहतें.

आमच्या वाचक भगिनींस एक गोष्ट विशेष वाटेल. खिंडीच्या उंचीवर पाणी १०० अंशांवर नव्हे, तर सुमारे ८२ अंशांवरच उकळतें. तें कितीही खळखळलें तरी त्याहून तापत नाहीं. म्हणून उघड्या पातेल्यांत वरणाची डाळ शिजतां शिजत नाहीं. झांकण घट्ट बसणारा प्रेशर कुकरच लागतो. त्या दिवशीं भूकही मंदावते; तथापि वाटसरूनें थोडें थोडें खात व घोट घोट पीत राहिलें पाहिजे.

वाटेंत सुमारे ४,८५० मीटरांवर दुसरा एक पडाव आहे. कांहीं जण आदल्या रात्रीं तेथें निजतात. त्यानें खिंडीचा दिवस लहान होतो. परंतु निजण्याची उंची वाढते, व ज्याचें शरीर तयार नाहीं त्यास ती रात्र जड जाते. पुढें चाल इतकी मंद ठेवावी कीं सोबत्याशीं बोलतां यावें. ह्या चढणीवर खिंड आली असें पुनःपुनः वाटतें, आणि माथ्यावर पोहोंचल्यावर पुढें आणखी एक चढ दिसतो. ज्यानें प्रत्येक माथा शेवटचा समजून बळ खर्च केलें, तो थकतो. ज्यानें एकच गति राखली, तो पोहोंचतो.

३. शरीराची साक्ष

डोकें दुखणें, मळमळ, अन्नावरची वासना जाणें, अतिशय थकवा, घेरी, ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणें होत. हीं दिसतांच अधिक वर चढूं नये. आहे तेथेंच थांबून विश्रांति घ्यावी. तीं वाढूं लागल्यास खालीं उतरावें. ह्या आजाराचे दोन प्रकार प्राणघातक आहेत. एकांत मेंदूस सूज येते. मनुष्य बरळतो व दारू प्याल्यासारखा झोकांड्या खातो. त्याची परीक्षा सोपी आहे: एका पावलाची टांच दुसऱ्याच्या अंगठ्यास लावीत त्यास सरळ रेषेंत चालावयास सांगावें. ज्यास तें जमत नाहीं, त्यास तत्काळ खालीं न्यावें. दुसऱ्या प्रकारांत फुप्फुसांत पाणी भरतें. बसल्या जागीं धाप लागते, खोकला येतो, व पुढें गुलाबी फेस पडतो.

औषधें आहेत, असेटाझोलामाइड ही गोळी शरीरास उंचीची संवय होण्यास साहाय्य करते, पण ती वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावी. खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे खालीं उतरणें. तेंही सकाळ होण्याची वाट न पाहतां. आणि आजाऱ्यास एकट्यानें कधींही पाठवूं नये, कारण ज्याचें मन गोंधळलें आहे त्यास आपण आजारी आहों हेंच कळत नाहीं. म्हणून सोबत्याचें डोळ्यांत तेल घालून लक्ष असणें अगत्याचें आहे.

४. १४ ऑक्टोबर २०१४

ऑक्टोबर महिना ह्या वाटेवर निरभ्र आकाशाचा समजला जातो. त्या वर्षीं १२ ऑक्टोबरला ‘हुदहुद’ नांवाचें चक्रीवादळ विशाखापट्टण येथें किनाऱ्यास लागलें, आणि त्याचा उरलेला जोर उत्तरेकडे सरकत हिमालयास भिडला. १४ तारखेस थोरोंग ला येथें हिमवादळ झालें. सुमारे बारा तासांत १.८ मीटरांपर्यंत बर्फ पडलें, व कड्यांवरून हिमलोट कोसळले. समुद्रावरील वादळाची वार्ता जगास ठाऊक होती. परंतु ती डोंगरांतील पुष्कळ वाटसरूंच्या कानीं वेळेवर पडली नाहीं. खिंडीच्या माथ्यावर चहाची एक लहानशी झोंपडी आहे. कित्येकांनीं तिचा आसरा घेतला. आणि जे धुक्याबर्फांत उतरूं लागले त्यांतील बरेच वाट चुकून गारठून मेले. त्या प्रदेशांत निदान ४३ माणसें दगावलीं, व ५०० हून अधिक जणांस वांचवून आणण्यांत आलें.

मेलेल्यांत परदेशी प्रवासी होते, आपल्या देशाचे लोक होते, आणि नेपाळचे वाटाडे, भारवाहक व याकांचे राखणेही होते. येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंति करितों. प्रवासी खिंडींत जातो तो स्वेच्छेनें. त्याचें ओझें वाहणारा जातो तो पोटासाठीं. प्रवाशानें “आज परतूं या” म्हटलें, तर त्याचा एक बेत मोडतो. ओझेकऱ्यानें तसें म्हटलें, तर त्याची मजुरी बुडण्याची भीति असते. म्हणून पुष्कळदां तो कांहींच म्हणत नाहीं. तेव्हां परतण्याचा निर्णय बोलून दाखविण्याचें कर्तव्य ज्याच्या हातीं पैसा आहे त्याचें आहे. आपल्या भारवाहकाच्या अंगावर पुरेसें गरम वस्त्र आहे काय, पायांत बूट आहेत काय, डोळ्यांस बर्फाच्या तिरिपीपासून राखणारा चष्मा आहे काय, हें निघण्यापूर्वीं पाहणें, व आजारी पडल्यास त्यास मजुरीसह व सोबतीसह खालीं पोहोंचविणें, हें दान नव्हे, देणें आहे. परतण्याच्या दिवसाचीही मजुरी मिळेल, असें आदल्या रात्रींच त्यास सांगून ठेवावें. म्हणजे सकाळीं आभाळ पाहून तो खरें बोलेल. त्याच्या खऱ्या बोलण्यावर सर्वांचेच प्राण अवलंबून असतात.

५. उतार

माथ्यावर पोहोंचलें म्हणजे काम संपलें असें अनेकांस वाटतें. वास्तविक लांबचा भाग पुढेंच आहे. १,६०० मीटरांच्या उतारावर गुडघे बोलूं लागतात, व थकलेला पाय घसरतो. हातीं काठी असावी, पावलें लहान टाकावीं. मात्र उतरतांना एक नवल अनुभवास येतें: दर घटकेस श्वास मोकळा होत जातो. खालीं मुक्तिनाथ हें हिंदु व बौद्ध ह्या दोहोंचें तीर्थ आहे. तेथें पाण्याच्या १०८ धारा आहेत. त्याच्या खालच्या बाजूस काली गंडकीचें खोरें आहे. आपल्याकडील कित्येक घरांतील देव्हाऱ्यांत जो शाळिग्राम असतो, तो ह्याच नदीचा. शास्त्रज्ञांच्या मतें ते दगड प्राचीन समुद्रांतील शंखासारख्या जीवांचे अवशेष होत. भारताची भूमि सरकत आशियास भिडली, तेव्हां समुद्राचा तळच उचलला जाऊन पर्वत झाला. ज्या खिंडीवर श्वास पुरत नाहीं, ती सारी भूमि एकदां पाण्याखालीं होती.

मनन करण्यासाठीं प्रश्न

१. झपाझप चढणाऱ्या बळकट मनुष्यास उंचीवर अधिक धोका कां?
२. आजाऱ्यास एकट्यानें खालीं कां पाठवूं नये?
३. खिंड अर्ध्या तासावर आहे, आभाळ भरून आलें आहे, आणि ओझेकरी गप्प आहे. अशा वेळीं प्रथम कोणीं बोलावें, व काय बोलावें?
४. आपल्या गांवांत, आपल्या शेतांत किंवा घरीं, असा कोण आहे कीं ज्यास “आतां पुरे” म्हणण्याची सोय आपण ठेविलेली नाहीं?